महापालिका, प्रभाग आणि आपण: पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहल्ला कमिटीच्या बैठकीत, सोसायटीच्या ग्रुपवर आणि भाजी घेताना रस्त्यात गाठून लोक जे विचारतात, ते इथं एकत्र केलं आहे. उदाहरणं पुण्याची आहेत. पिंपरी-चिंचवड, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर इथंही १९४९ चाच महानगरपालिका अधिनियम लागू आहे, त्यामुळे खात्यांची नावं थोडी इकडची तिकडं केली की बरंचसं तिथंही चालेल. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. नगरपरिषदांचा १९६५ चा.

महापालिकेनं काय करायलाच हवं आणि काय तिच्या मर्जीवर आहे?

अधिनियमातलं कलम ६३ बंधनकारक कामांचं. पाणी, गटारं, झाडलोट, दिवाबत्ती, रस्ते, लसीकरण, प्राथमिक शिक्षण, जन्म-मृत्यूची नोंद ही त्यातली नेहमीची. यात ‘पैसे नाहीत’ हे उत्तर चालत नाही. कलम ६६ ऐच्छिक कामांचं. बागा, वाचनालयं, संग्रहालयं, शहर बससेवा वगैरे त्यात येतं.

अर्थात ऐच्छिक म्हणजे फालतू नव्हे. पुण्याला पुण्यासारखं करणाऱ्या कितीतरी गोष्टी याच रकान्यातल्या आहेत. १९६८ मध्ये उघडलेलं बालगंधर्व रंगमंदिर घ्या, कात्रजचं प्राणिसंग्रहालय घ्या.

महापालिकेत नेमकं चालतं कोणाचं? महापौरांचं की आयुक्तांचं?

सहीचे अधिकार आयुक्तांकडे. आयुक्त राज्य सरकारनं नेमलेले असतात. पैसा मंजूर करते सोळा सदस्यांची स्थायी समिती, आणि धोरण व अंदाजपत्रकाला शेवटची मान्यता देते मुख्य सभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा. महापौर त्या सभेचे अध्यक्ष. पद मानाचं, पण फाइल त्यांच्या टेबलावरून जायलाच पाहिजे असं नाही. तुमच्या गल्लीच्या दृष्टीनं या दोघांहून महत्त्वाची माणसं क्षेत्रीय कार्यालयात बसतात: कनिष्ठ अभियंता, आरोग्य निरीक्षक आणि त्यांच्यावरचे सहायक आयुक्त. पुण्यात अशी पंधरा कार्यालयं आहेत. आपलं कोणतं, हे आधी पाहून ठेवा.

मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. १५ जानेवारी २०२६ ला मतदान होऊन १६५ नगरसेवकांचं नवं सभागृह आलं. मधल्या काळात कामं बंद पडली नाहीत, पण ‘हे काम का नाही झालं’ असं सभागृहात उभं राहून विचारणारं कोणी नव्हतं. ती उणीव गल्लीबोळात जाणवली.

रस्ता, खांब किंवा नाला महापालिकेचाच आहे हे कसं कळणार?

निम्म्या तक्रारी इथंच भरकटतात. कात्रज–देहूरोड बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं. मुठा उजवा कालवा जलसंपदा खात्याचा. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये तो दांडेकर पुलाजवळ फुटला, तेव्हा जबाबदारी कोणाची यावरून किती ओढाताण झाली ते अनेकांना आठवत असेल. वीज गेली तर महावितरण, पण रस्त्यावरचा दिवा गेला तर महापालिकेचा विद्युत विभाग. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत बोर्डाचा कारभार. सिग्नल उभारते महापालिका, चालवतात वाहतूक पोलीस.

दिव्याची तक्रार करताना खांबावर रंगवलेला नंबर लिहा. ‘मारुती मंदिराजवळ’ एवढंच लिहिलं तर पुण्यात माणूस कुठं शोधणार?

तक्रार कुठं करायची?

पीएमसी केअर हे ॲप आणि संकेतस्थळ आहे, टोल-फ्री क्रमांक आहे, क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज देता येतो. तिन्हीत टोकन किंवा आवक क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. अधिकाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकला तर काम कधीकधी पटकन होतं. पण नाही झालं तर हातात पुरावा काही राहत नाही.

एका अर्जात एकच विषय घ्या. खड्डा, कुत्री, दिवा आणि शेजाऱ्याचं बेकायदा शेड एकाच कागदावर लिहिलं की तो कागद चार खात्यांत फिरतो आणि कुठंच थांबत नाही.

‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज आला, पण खड्डा तिथंच आहे. आता?

हा बहुधा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. तक्रार बंद होणं आणि काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळदा ती ‘संबंधित विभागाकडे पाठवली’ एवढ्यावरच बंद केली जाते. तक्रार पुन्हा उघडा, ताजा फोटो जोडा आणि जुना टोकन क्रमांक लिहा. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर दोन्ही टोकन घेऊन सहायक आयुक्तांच्या नावानं लेखी अर्ज द्या. त्यानंतर लोकशाही दिन आहे, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढं तक्रार मांडायचा ठरलेला दिवस. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण त्यासाठी पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात अर्ज द्यावा लागतो. सकाळी उठून नुसतं गेलं तर आत घेत नाहीत.

गल्लीत काम सांगितलं की ‘बजेट नाही’ म्हणतात. बारा हजार कोटींच्या महापालिकेकडे पन्नास मीटर पदपथाचे पैसे नसतात?

२०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं, त्यामुळे राग येणं साहजिक आहे. पण तो अभियंता बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे पैसे नसतात असं नाही. तुमच्या कामाच्या नावाची ओळ अंदाजपत्रकात नसते. महापालिकेत पैसा खर्च करायला आधी त्या ओळीचं शीर्षक पाहिजे. शीर्षक असलं की इस्टिमेट होतं, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर, मग काम. ओळ नसेल तर पहिली पायरीच नाही.

आता याचं वेळापत्रक पाहा. महापालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. खाती आपापल्या मागण्या पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून जुळवू लागतात. जानेवारी उजाडल्यावर आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढं ठेवतात, समिती त्यात फेरफार करते आणि मार्चअखेर ते मुख्य सभेत मंजूर होतं. म्हणजे जूनच्या पहिल्या पावसात गुडघाभर पाण्यात उभं राहून आपण जे नवं गटार मागतो, त्याचा निर्णय आदल्या हिवाळ्यातच होऊन गेलेला असतो. आपण ओरडतो पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर विसरतो. नेमकं उलट करायला हवं.

ज्या सोसायट्यांची, वस्त्यांची कामं वर्षानुवर्षं होत राहतात, त्यांच्याकडे वशिला असतोच असं नाही. तिथला एखादा निवृत्त बँकवाला किंवा शाळेतल्या बाई सप्टेंबरात अर्ज देतात, डिसेंबरात विचारायला जातात आणि एप्रिलमध्ये अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आपली ओळ शोधतात. हे पुस्तक महापालिकेच्या संकेतस्थळावर असतं. जाडजूड आणि कंटाळवाणं आहे, पण आपल्या क्षेत्रीय कार्यालयापुरती पानं चाळायला एक संध्याकाळ पुरते.

दुरुस्तीचं तसं नाही. फुटलेलं झाकण, तुंबलेलं ड्रेनेज, बंद दिवा यासाठी देखभालीची तरतूद वर्षभर असते. तिथं ‘बजेट नाही’ ऐकून परत येऊ नका.

सहभागी अंदाजपत्रक म्हणजे काय? त्यात खरंच कामं होतात का?

नागरिकांनी स्वतः सुचवलेली छोटी कामं पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घालायची ही सोय पुण्यात २००६ पासून आहे. देशात हा प्रयोग इतकी वर्षं चालवणारी शहरं फारच थोडी. एका कामाला पाच लाखांपर्यंत मर्यादा. पदपथ, बाकडी, दिवे, गतिरोधक, बसथांब्याचं छप्पर, स्वच्छतागृहाची दुरुस्ती असली कामं त्यात बसतात. अर्ज बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवतात. जाहिरात छोटी येते आणि मुदतही फार नसते, म्हणून जुलैपासूनच क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करत राहा.

कामं होतात का? होतात, पण सगळी नाही. बरेच अर्ज एकाच कारणानं बाद होतात: काम खासगी जागेतलं असतं. सोसायटीच्या फाटकाच्या आत पेव्हर ब्लॉक कोणी बसवून देणार नाही. काही अर्ज इतके मोघम असतात की अभियंत्याला करायचं काय तेच कळत नाही. ‘परिसर सुशोभीकरण’ असं लिहू नका. ‘अमुक शाळेच्या फाटकापासून रिक्षा स्टँडपर्यंत डाव्या बाजूचा पदपथ तुटला आहे, शंभर-सव्वाशे फूट, मुलं रस्त्यावरून चालतात’ असं लिहा. वर चार फोटो लावा. अशा अर्जाचं इस्टिमेट जागेवर न जाताही निम्मं तयार होतं, म्हणून अभियंत्यालाही तो आवडतो.

माझ्या मते या योजनेची खरी उणीव पाठपुराव्यात आहे. अर्जदाराला आपल्या अर्जाचं काय झालं हे आपणहून कोणी कळवत नाही. ते एप्रिलमध्ये आपणच पाहायचं.

‘स यादी’ आणि ‘वर्गीकरण’ हे शब्द सारखे कानावर येतात. आपल्याशी त्यांचा काय संबंध?

स यादी म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची तरतूद. तुमची गल्ली सहभागी अंदाजपत्रकात हुकली तर दुसरं दार हेच. वर्गीकरण म्हणजे एका कामासाठी ठेवलेला पैसा वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवणं. कधी ते गरजेचं असतं. पण ड्रेनेजचे पैसे कमानीला आणि नामफलकाला गेल्याच्या बातम्याही पुण्यानं पुष्कळ वाचल्या आहेत. आपलं मंजूर काम अचानक गायब झालं तर ‘वर्गीकरण झालं का, कधी झालं, पैसे कुठं गेले’ एवढंच विचारा. उत्तर फाइलमध्ये असतं.

महापालिकेकडे पैसा येतो कुठून? मी मिळकतकर नाही भरला तर काय बिघडतं?

पूर्वी जकात होती. २०१३ मध्ये पुण्यात तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर तोही गेला. आता राज्य सरकार त्याची भरपाई दरमहा अनुदान म्हणून देतं. म्हणजे मोठा वाटा आपल्या हातातला नाही. हातात उरले मिळकतकर, बांधकाम परवानगीचं शुल्क आणि पाणीपट्टी. बांधकामाचा बाजार पडला की दुसरा झरा आटतो, म्हणून मिळकतकरालाच महत्त्व.

थकवला तर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. व्याजाचा एवढा दर सावकाराच्या तोंडी शोभतो, पण कायद्यात तोच आहे. उलट वर्षाच्या सुरुवातीच्या मुदतीत भरला तर सूट मिळते. सौरऊर्जा, गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं असं काही असेल तर आणखी सूट. मालक स्वतः राहत असलेल्या घराला चाळीस टक्के सवलत १९७० पासून होती. मधे ती काढली आणि २०२३ मध्ये परत दिली. नवं घर घेतलं असेल तर ही सवलत आपोआप लागेल असं धरून चालू नका. बिल पाहा, सवलत दिसत नसेल तर पीटी-३ अर्ज भरा.

आमचा रस्ता गेल्याच महिन्यात केला आणि लगेच खोदला. हे कोणी बघत नाही का?

पथ विभाग डांबर टाकतो, पाणीपुरवठ्याला त्याच्याखाली वाहिनी टाकायची असते, मलनिस्सारणचं काम त्यानंतर निघतं आणि शेवटी केबलवाला येतो. चौघांचे आराखडे चार, टेंडर चार. खोदाईला परवानगी लागते आणि पावसाळ्यात खोदाई बंद असते. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये सगळे एकदम तुटून पडतात.

काम चालू असताना एक गोष्ट करा, जागेवरचा फलक वाचा. कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार आणि दोषदायित्व कालावधी त्यावर असायला हवा. त्या कालावधीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. फलकाचा फोटो काढून ठेवला की दोन वर्षांनी तक्रारीत ‘हा रस्ता अजून दोषदायित्वात आहे’ एवढं एकच वाक्य लिहावं लागतं. फलकच नसेल तर पहिली तक्रार त्याचीच करा.

शेजारच्या सोसायटीला पाणी येतं, आम्हाला नाही. पाणी कमी आहे की वाटपात गडबड आहे?

पुण्यात बऱ्याचदा वाटपात. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघरची, मिळून क्षमता २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यावर शहराबरोबर दौंड-इंदापूरच्या शेतीचाही हक्क आहे. पूर्वेकडच्या भागाला २०२१ पासून भामा आसखेडचं पाणी मिळतं. तरीही एका पेठेत धो-धो आणि टेकडीवरच्या वसाहतीत करंगळीएवढी धार, असं का?

गल्लीच्या तोंडाशी लोखंडी झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो. पाणी सोडणारा कर्मचारी लांब दांड्याची चावी आत घालतो आणि मोजून आटे फिरवतो. किती आटे, किती वाजता, आधी कोणती गल्ली, यावर तुमची सकाळ ठरते. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब उरत नाही, वरच्या बाजूला कोणी थेट वाहिनीवर मोटार लावली असेल तर मुळीच नाही. म्हणून तक्रारीत ‘पाणी येत नाही’ एवढंच लिहू नका. किती वाजता येतं, किती वेळ, तळमजल्याच्या नळाला किती दाब, शेजारी काय स्थिती, हे आठवडाभर नोंदवून द्या. या नोंदीवरून अभियंत्याला व्हॉल्व्हचा घोळ आहे की वाहिनीत अडथळा, हे कळतं.

समान पाणीपुरवठा योजना याच दुखण्यावरची. नव्या टाक्या, नव्या वाहिन्या, मीटर. तिच्यासाठी महापालिकेनं जून २०१७ मध्ये शेअर बाजारात दोनशे कोटींचे कर्जरोखे विकले, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. योजना मात्र ठरल्यापेक्षा खूपच रेंगाळली.

चोवीस तास पाणी म्हणजे चैन, असं अनेकांना वाटतं. मूळ कारण आरोग्याचं आहे. पाणी बंद झालं की वाहिनी रिकामी होते, आत दाब उरत नाही आणि शेजारून जाणाऱ्या ड्रेनेजचं घाण पाणी फुटक्या जोडातून आत ओढलं जातं. वाहिनी कायम भरलेली राहिली तर घाणीला आत शिरायला वाव नाही. म्हणून पाणी आल्या आल्या पहिली धार सोडून द्यायची ही आजीची सवय चुकीची नाही.

पाणी प्यायला योग्य आहे का हे घरी कळू शकतं?

पूर्ण नाही, पण क्लोरिन आहे की नाही ते कळतं. आरोग्य कर्मचारी जी ओ.टी. टेस्ट करतात ती सोपी आहे: नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, पिवळसर रंग आला तर क्लोरिन आहे. नळाला ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावं असा दंडक आहे. रंगच आला नाही तर त्याच दिवशी पाणीपुरवठा आणि आरोग्य, दोन्ही खात्यांना कळवा.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा या साध्या तपासणीचं महत्त्व सगळ्यांना पटलं. पुढं पुन्हा थंडावलं.

आम्ही समाविष्ट गावात राहतो. कर महापालिकेचा, पाणी टँकरचं. असं का?

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. हद्द एका अधिसूचनेनं वाढते, जलवाहिनी तशी वाढत नाही. इमारती आधी झाल्या, रस्ते आणि ड्रेनेज मागून येत आहेत. त्यातही उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही २०१७ ला आत आलेली गावं पुढं बाहेर पडली आणि त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. पुण्याचा कचरा ज्यांच्या दारात वर्षानुवर्षं पडला, त्यांचा महापालिकेवर विश्वास का बसला नसेल, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या भागाची जलवाहिनी कोणत्या टप्प्यात आहे हे लेखी विचारा. नव्या इमारतींच्या बाबतीत आणखी एक: बांधकाम परवानगी घेताना पाण्याबद्दल बिल्डरनं हमीपत्र दिलेलं असू शकतं. त्याची प्रत मागा.

कर भरतोच, मग कचरा घेणाऱ्या ताईंना वेगळे पैसे का द्यायचे?

कारण त्या महापालिकेच्या पगारी नोकर नाहीत. १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. त्यातूनच स्वच्छ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिनं महापालिकेशी करार केला. जी माणसं उकिरड्यावर हातानं कचरा उपसत होती, ती आता ओळखपत्र घेऊन दारात येतात. घरटी मिळणारं मासिक शुल्क आणि सुका कचरा विकून आलेले पैसे, हीच त्यांची कमाई. महापालिकेला एवढं मनुष्यबळ पगारावर ठेवायचं म्हटलं तर खर्च कितीतरी पटीनं वाढेल. पुण्यानं केलेल्या गोष्टींत बाहेरच्या शहरांनी येऊन पाहावी अशी ही एक आहे, आणि तीच आपण पन्नास-शंभर रुपयांवरून वाद घालून कमी लेखतो.

तुमच्या बाजूनं करायचं ते साधं: ओला वेगळा, सुका वेगळा, आणि सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका. सुक्याच्या पिशवीत हात घालताना आत काय लागेल याची धास्ती म्हणजे काय, ते एकदा मावशींना विचारा.

त्या येतच नसतील तर? परिसराच्या आरोग्य कोठीवर जा. झाडणकामाची हजेरी तिथंच लागते. सकाळी सहा-साडेसहाला मुकादम भेटतो. दुपारी गेलात तर कुलूप भेटेल.

वस्तीतल्या सार्वजनिक स्वच्छतागृहाची अवस्था वाईट आहे. नवं बांधून मागावं का?

आधी विचारा, निगा कोण राखणार. १९९९ ते २००१ या काळात तत्कालीन आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी पुण्याच्या वस्त्यांत चारशेहून जास्त स्वच्छतागृहं बांधून घेतली. त्यातली मेख अशी की कंत्राट स्वयंसेवी संस्थांना दिलं, आणि तेही बांधकामाबरोबर देखभालीचं. वस्तीतल्या बायकांनी आराखड्यात भाग घेतला: बायकांची रांग वेगळी, मुलांसाठी वेगळी जागा, काही ठिकाणी वर राखणदाराची खोली. जिथं राखणदार टिकला आणि घरांनी महिन्याचे पैसे दिले तिथं जागा स्वच्छ राहिली. जिथं पाणी तुटलं, दिवा गेला, तिथं दोन-चार वर्षांत कड्या निघाल्या. नवी इमारत मागताना पाणी, दिवा आणि सांभाळणारा माणूस, हे तीन शब्द अर्जात घालायचे.

महापालिकेच्या दवाखान्यात काय मिळतं?

बाह्यरुग्ण तपासणी, लसीकरण, प्रसूती. मोठं म्हणजे कमला नेहरू रुग्णालय, साथीच्या आजारांसाठी नायडू. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शहरी गरीब योजना आहे; तिचं कार्ड आजारी पडायच्या आधी काढून ठेवा. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून उत्पन्नाचा दाखला मिळत नाही.

पाणी नाही, रस्ते नाहीत, आणि महापालिका बागा आणि अभ्यासिका काढते. हे कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या घरात बहुधा दोन बेडरूम असतात. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथल्या मुलीला एमपीएससीचा अभ्यास करायला महापालिकेची अभ्यासिकाच लागते, आणि आजोबांना संध्याकाळी बसायला बागेतला बाक. माझा आक्षेप वेगळा आहे. उद्घाटनाला पैसा मिळतो, माळ्याला आणि ग्रंथपालाला मिळत नाही. दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवावा लागतो, तरी उतार नसलेले पदपथ अजून होतातच.

पावसात घरात पाणी शिरतं. नालेसफाई होते की फक्त बिलं निघतात?

दोन्ही होतं. पण नालेसफाईनं सगळं सुटत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं पुण्यात वीसहून जास्त बळी घेतले. कात्रजकडून येणारा तो ओढा जागोजागी भिंती, भराव आणि बांधकामांनी आवळला होता. जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी घुसलं ते मुठेतल्या विसर्गामुळे.

ओढ्याकाठी राहत असाल तर मेच्या मध्यापर्यंत जागेवर जाऊन पाहा. गाळ काढून काठावरच ठेवला असेल तर पहिल्या सरीत तो परत आत जातो. फोटो काढा, तारीख दिसू द्या. नदीकाठी असाल तर खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले याची घोषणा रोज पाहत जा, आणि गाडी तळघरातून आदल्या रात्रीच काढा.

पीएमपीच्या बसबद्दल महापालिकेला बोलून उपयोग आहे का?

थोडा आहे. पीएमपी ही २००७ पासून वेगळी कंपनी आहे, पण तिची तूट पुणे महापालिका साठ टक्के आणि पिंपरी-चिंचवड चाळीस टक्के सोसते. वेळापत्रक आणि मार्गाची तक्रार पीएमपीकडं करा. थांब्याचं छप्पर, तिथला पदपथ, दिवा हे महापालिकेकडं.

दाखल्यासाठी आठ-आठ दिवस चकरा मारायला लावतात. काही उपाय?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवांची मुदत ठरलेली असते आणि तिचा फलक कार्यालयात लावायचा असतो. मुदतीत काम झालं नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड होऊ शकतो. अर्ज शक्यतो ऑनलाइन करा, म्हणजे मुदत मोजायला तारीख राहते. ‘सेवा हक्कात अर्ज केलाय’ एवढं शांतपणे सांगितलं तरी टेबलावरची फाइल वर येते, असा अनुभव आहे. बाळाच्या जन्माची नोंद एकवीस दिवसांत झाली तर शुल्क लागत नाही. हे काम बहुधा रुग्णालयच करतं, पण नाव नीट लिहिलंय का ते तुम्हीच पाहा.

माहिती अधिकारात काय मागावं?

‘भ्रष्टाचार का झाला’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण कायदा कागद देतो, कारणं देत नाही. वर्क ऑर्डरची प्रत, मोजमाप पुस्तिकेची पानं, बिलाची नोंद मागा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, आणि महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत एकाच विषयावर. मोजमाप पुस्तिका हातात आली की टेप घेऊन जागेवर जा.

एका प्रभागात चार-चार नगरसेवक. कोणाला गाठायचं?

चौघांनाही एकच पत्र द्या आणि चौघांची नावं वरच लिहा. मग ‘ते माझ्याकडं नाही’ म्हणायला जागा राहत नाही. निम्म्या जागा महिलांच्या आहेत. पत्र त्यांच्याच हाती द्या, यजमानांच्या नको.

आमचं गाव छोटं, नगरपरिषद आहे. तिथं हे सगळं कसं चालणार?

उलट जास्त सोपं. मुख्याधिकारी रोज दिसतात. वेंगुर्ल्यात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा वीसहून जास्त प्रकारांत वेगळा होऊ लागला आणि डंपिंगची जागा लोक पाहायला येऊ लागले. मोठा निधी आला म्हणून ते झालं नाही. वेगळा न केलेला कचरा घ्यायचाच नाही हा नियम तिथं पाळला गेला.

मोहल्ला कमिटीच्या बैठकीत बोलूच देत नाहीत. मग जाऊन काय फायदा?

तोंडी बोलणाऱ्यांची तिथं कमी नसते. विषय लेखी द्या, दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घ्या. मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागा आणि त्यातल्या प्रत्येक मुद्द्यापुढं काय झालं तेवढंच विचारा. कायद्यात २००९ पासून क्षेत्र सभेचीही तरतूद आहे, मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा. ती भरताना फारसं कोणी पाहिलेलं नाही. नव्या नगरसेवकांना पहिल्या पत्रात तिची तारीख विचारायला हरकत नाही.